साहेबांचं पान

मी वैशाली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त, लघवी, थुंकी. माणसाच्या आत काय चाललंय ते मशीन मला छापून देतं आणि त्याच्या पलीकडे काही असेल असं मला आजवर कधी वाटलं नाही. सासरी गावाला गेलं की रात्री देवचार-बिवचाराच्या गोष्टी निघतात, तेव्हा मी उठून भांडी घासायला जाते... भांडी तरी खरी असतात. या भुताटकीच्या अनुभवांच्या ग्रुपवरही मी फक्त वाचायला येते, आणि खरं सांगायचं तर हसायला. आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर नितीन, म्हणजे माझा नवरा, मागून डोकावून म्हणाला, "लिही लिही, आता तुझ्यावर हसतील." हसा. फक्त पूर्ण वाचून हसा.

आम्ही बदलापूरला राहतो, बेलवलीत. माझं माहेर अंबरनाथचं, बुवापाड्यातलं. दोन खोल्या, वर पत्रा, मागच्या दाराबाहेर कमरेएवढी भिंत आणि तिच्यापलीकडे गटार. बाबा अंबरनाथच्याच एका जुन्या कारखान्यात कँटीनचे आचारी होते. कारखाना इंग्रजांच्या काळातला, आता बंद पडलेला. नाव सांगत नाही. बाबांनी तिथे आयुष्यभर हजारो माणसांना रांधून घातलं, पण घरी कधी चहाचं आधण ठेवलं नाही. "माझी ड्युटी संपली," म्हणायचे. आई म्हणायची, "आचाऱ्याशी लग्न करून जन्मभर मीच गॅससमोर उभी."

या कँटीनच्या भिंतीवर एका गोऱ्या साहेबाचं मोठं ऑइल पेंटिंग होतं. लालसर गोरा चेहरा, जाड कल्ले, काळा कोट, पोटावर सोन्याची साखळी, हातात टोपी. चेहरा कडक वगैरे नाही हं. पंगत कधी बसतेय याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा. तो कोण, हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. कोणी म्हणे कारखाना यानेच काढला, कोणी म्हणे पहिला मॅनेजर. बाबांचे दोस्त पेडणेकर काका तिथे फिटर होते, त्यांचं म्हणणं असं की हे चित्र कुठल्यातरी बंगल्यातून दुरुस्तीच्या काळात कँटीनमध्ये ठेवलं आणि परत न्यायला कोणी आलंच नाही.

पण एक पद्धत बाबांच्याही आधीपासून चालत आली होती – पहिलं ताट साहेबांचं. डाळ, भात, उसळ, जे शिजलं असेल ते. चित्राखाली एक फळी होती, तिच्यावर ताट ठेवायचं. हात जोडायचे नाहीत, उदबत्ती नाही, कारण तो काही देव नव्हता. नुसतं म्हणायचं, "साहेब, जेवून घ्या." मग कामगारांची रांग सुरू. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की साहेबांनाही गंध, झेंडूचा हार, आणि बोटाने ओठांना श्रीखंड. मी लहानपणी बघितलंय. बाबा स्टुलावर चढून त्याला इतक्या प्रेमाने भरवायचे की मला वाटायचं, हा आता तोंड उघडणार.

आईचा या साहेबावर भयंकर राग. दसऱ्याला आम्ही घरी ताटं वाढून बसायचो आणि बाबा तिकडे साहेबाला भरवून, मग सगळ्या माणसांना वाढून, दुपार कलल्यावर यायचे. "सवत असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या," आई म्हणायची. "हा मेला नुसता बघत बसतो."

कारखाना बंद झाला तरी बाबांचं जाणं सुटलं नाही. गेटवरचा वॉचमन ओळखीचा होता. बाबा आईने दिलेला डबा घेऊन निघायचे, साहेबाच्या फळीवर थोडा वेळ ठेवायचे आणि मग वॉचमनबरोबर बसून खायचे. आजारी पडले, तेव्हा ते थांबलं.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपत आला होता तेव्हा, बाबा गेले. किडन्या निकामी झाल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी भान यायचं-जायचं आणि भानावर आले की एकच विचारायचे, "साहेबांना वाढलं का?" मी बिनदिक्कत खोटं बोलायचे – "हो बाबा, वाढलं." आईला ते जमेना. कित्येक रात्रींचं जागरण झालेलं होतं तिला. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती तडकली. म्हणाली, "मरू दे तो तुमचा साहेब. माझ्याकडे बघा की जरा." बाबांनी मान भिंतीकडे वळवली. पहाटे गेले.

दहाव्याला आम्ही बदलापूरच्या घाटावर गेलो. पिंड ठेवले. समोरच्या झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ. चुलत भाऊ म्हणाला, "काका, काकूला आम्ही सांभाळू." मी म्हणाले, "बाबा, मी दर आठवड्याला येईन." नितीननेही हात जोडून "मी वैशूशी भांडणार नाही" असं कबूल केलं, जे आजतागायत पाळलेलं नाही. कावळे ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मला त्याचं काही वाटलं नाही, मला घरी जायची घाई होती. पण आई परत येताना रिक्षात एवढंच बोलली, "रागावून गेले माझ्यावर."

त्या दिवसापासून आईचं जेवण सुटलं. उपास नव्हे, हट्ट नव्हे. ताटावर बसायची, भात चिवडायची आणि "नको गं, घास फिरतोय" म्हणून उठायची. मी स्वतः तिचं रक्त काढून लॅबमध्ये लावायचे आणि दर वेळी हिमोग्लोबिन खाली. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, मनाचे डॉक्टर झाले, त्यांच्या गोळ्या झाल्या. वर्षभरात आईचे ब्लाउज तिच्या अंगावर लोंबायला लागले. मी रोज दुसऱ्यांचे रिपोर्ट हातात देते, पण आईचा रिपोर्ट मी तिला कधी दाखवला नाही. मला सरळ दिसत होतं की आई चालली आहे, आणि माझ्याकडे काही इलाज नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं तेव्हा पेडणेकर काकांचा फोन आला. "वैशाली, कंपनीचं सगळं सामान निघालंय. टेबलं, कपाटं, पंखे... उल्हासनगरला एका शेठच्या गोडाऊनमध्ये लिलाव आहे. आपले साहेब पण आहेत त्यात."

मी का गेले ते मला धड सांगता येणार नाही. मनात एवढंच होतं की बाबांनी शेवटी ज्याची चौकशी केली, तो निदान भंगारात जाऊ नये. आईला काही बोलले नाही. नितीन, काका आणि मी असे तिघं रविवारी उल्हासनगरच्या कॅम्प तीनला गेलो.

गोडाऊन म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. लोखंडी कपाटांच्या रांगेच्या टोकाला, एका मोडक्या कॅरमबोर्डला टेकून, साहेब उभे. धुळीने माखलेले, पण तेच. काकांनी आधी खिशातला रुमाल काढून त्यांचा चेहरा पुसला. त्या चेहऱ्याशी माझं काही नातं नव्हतं, तरी मला भरून आलं. बाबांची बोटं रोज त्या फळीपर्यंत जायची, एवढंच डोक्यात येत होतं.

आणि तिथे उभ्या-उभ्या मला भूक लागली. घरून पोहे खाऊन निघाले होते, तरी अशी भूक की पोटात खड्डा पडावा. नितीनकडे बघितलं तर तो गोडाऊनच्या दारातल्या गाडीवर दाल-पकवान सांगत होता.

गोडाऊनचे मालक लछू शेठ चांगले गोल-गरगरीत सिंधी गृहस्थ. तेही काहीतरी खातच होते. मी लॅबमध्ये असते हे बोलण्यात आलं तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, एक बात पूछूं? जबसे ये कंपनीचा माल आया है ना, मेरा पेट भरताच नाही. टिफिन खाया, ऊपर से पापड खाया, फिर भी लगता है सुबह से भूखा हूं. मेरा पूरा स्टाफ ऐसाच. शुगर तो नहीं हुई?"

मी म्हटलं, सगळ्यांना एकदम शुगर होत नाही शेठ. पण येऊन टेस्ट करून घ्या.

"और एक पार्टी ले गई थी इसको, फार्महाउस के लिए," साहेबाकडे बोट दाखवून शेठ म्हणाले. "वापस कर गई. बोली, इसके सामने बैठ के खाना अच्छा नहीं लगता, लगता है कोई भूखा देख रहा है."

पेडणेकर काका माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघणं टाळलं.

लिलाव सुरू झाला. कपाटं गेली, पंखे गेले. साहेबांची पाळी आली तेव्हा माझ्यासमोर मुंबईहून आलेला एक डेकोरेटर होता, केसांची शेंडी बांधलेला. त्याला कुठल्याशा रेस्टॉरंटसाठी साहेब हवे होते. त्याने बोली वाढवली, मी वाढवली. त्याने परत वाढवली. मी मनात ठरवलेला आकडा कधीच मागे पडला होता आणि नितीन मागून माझी ओढणी ओढत होता. मी शेवटची म्हणून जी बोली लावली, तिच्यावरही त्याने हसत-हसत बोली चढवली. संपलं, असं मला वाटलं. मला रडायला आलं, खोटं कशाला सांगू.

पैसे द्यायच्या आधी तो मोबाईलचा टॉर्च लावून चित्र बघायला गेला आणि वाकून थबकला. "शेठजी, ये तो डॅमेज्ड है. लिप्स का पेंट गया हुआ है. और ये चिकट क्या है?"

पेडणेकर काका पुढे झाले. "डॅमेज नाही ते. श्रीखंड आहे."

तो माणूस काकांकडे बघतच राहिला. मग त्याने मान हलवली आणि माघार घेतली. शेठनी साहेब माझ्या नावावर केले, तेही माझ्या शेवटच्या बोलीपेक्षा कमीत. म्हणाले, "साईं, ले जाओ. तुम्हारा आदमी लगता है." परतताना टेम्पोत बसल्यावर नितीन म्हणाला, "वेडा आहे तो. ज्याला बघून भूक लागते असा फोटो हॉटेलवाल्याने सोडायचा असतो का?" तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

आमचा ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. साहेब वळणारच नव्हते. म्हणून त्यांना बुवापाड्यातच न्यावं लागलं. आईने दारातून बघितलं आणि तिचा चेहरा काळवंडला. मी म्हटलं, थोडे दिवस ठेवू दे, मग बघू. ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "ठेव. तोंड भिंतीकडे कर आणि वर चादर टाक. मला त्याच्याकडे बघायचं नाही."

तसं केलं. पुढचे दिवस त्या घरात काय चाललं होतं ते आमचं आम्हाला माहीत. मी माहेरी गेले की आल्या-आल्या डबे उघडायचे. नितीन एरवी दोन पोळ्यांचा माणूस, तो तिथे परात पुसून खायचा. शेजारची मावशी गप्पा मारायला यायची आणि "काही आहे का गं तोंडात टाकायला" विचारायची. शेठ खरंच लॅबमध्ये येऊन शुगर करून गेले – नॉर्मल. आणि म्हणाले, माल गया तबसे भूख भी ठीक है. मी माझी केली, नितीनची केली, मावशीचीही केली. सगळ्या नॉर्मल, थायरॉइडसकट. सगळं घर भुकेलेलं, आणि त्यात एक आई तेवढी ताटावरून उठून जायची.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. आईने अंगात बळ नसताना सगळं स्वतः केलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर, आमटी, भात. पेडणेकर काकाही आले होते. गुरुजी विधी करून गेले. चुलत भावाने मागच्या भिंतीवर पान ठेवलं आणि आम्ही दारात उभे राहिलो. केबलच्या वायरीवर कावळे ओळीने बसले होते. एकही उतरेना. कावळ्याने शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, आणि भुकेने तर सगळेच कासावीस झालेले. ऊन डोक्यावरून सरकलं. मी आईकडे बघितलं. ती उंबऱ्यावर बसली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. मनात आलं, आज जर पुन्हा दर्भाचा कावळा करावा लागला, तर आई यातून उठत नाही.

आई उठली. मला वाटलं, आडवी व्हायला चालली. ती आत गेली, साहेबावरची चादर खस्सकन ओढली आणि ते एवढं मोठं चित्र एकटीने फिरवायला लागली. मी आणि काका धावलो. चित्र समोर झालं. आई त्याच्यासमोर उभी राहिली, पदर खोचून, भांडायला उभी राहते तशी.

"तुझ्यापायी बोलले मी त्यांना," आई म्हणाली. "शेवटचं बोलणं माझं तेच झालं. आयुष्यभर त्यांच्यासाठी आधी तू, मग जग, मग आम्ही. मी कधी तुझ्या ताटाला नाही म्हटलं? डबा मीच भरून द्यायचे ना तुझा?" तिचा आवाज फाटला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. आत जाऊन तिने आणखी एक पान वाढलं – तसंच, पूर्ण, खिरीच्या वाटीसकट. चित्रासमोर धरलं. आणि मग अगदी हळू, बाबा म्हणायचे तसं म्हणाली, "साहेब, जेवून घ्या."

ते पान घेऊन ती स्वतः मागे गेली आणि बाबांच्या पानाशेजारी ठेवलं. तिचा हात अजून पानाजवळच होता, एवढ्यात एक कावळा उतरला. तिला न घाबरता, आमच्याकडे न बघता. बाबांचं पान ओलांडून तो साहेबांच्या पानावर गेला. भात खाल्ला, वडा खाल्ला, खिरीत चोच बुडवली. तिथलं आटपल्यावर तो एक उडी मारून बाबांच्या पानाकडे आला आणि खायला लागला. मग वायरीवरचे सगळेच उतरले.

पेडणेकर काका डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, आपला आचारी कधी आधी जेवलाय का? रांग संपली, पातेली रिकामी झाली, की मग खरवड काढून खायचा."

आई कावळ्यांकडे बघत होती. "रागावले नव्हते, म्हणजे," ती म्हणाली. "थांबले होते."

आता तुम्ही म्हणाल, कावळा कधीतरी येणारच. नितीनही तेच म्हणतो, आणि कावळ्यापुरतं मी ते मान्य करते. पण त्या दिवसानंतर आमची ती भूक गेली, ती कुठे गेली? शेठचा स्टाफ, फार्महाउसवाली पार्टी, शेजारची मावशी – यांना कोणाला काय माहीत होतं की बाबा आजारी पडल्यापासून त्या फळीवर ताट गेलेलं नाही? मी सगळ्यांचे रिपोर्ट पुन्हा काढून बघितले. त्यांत काही नाही. साहेब आता बाबांच्या फोटोशेजारी आहेत, आई त्यांना रोज वाढते आणि रोज बोलते पण. तुमच्यापैकी कोणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. मला वर्ष व्हायला आलं तरी कळलेलं नाही.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. कावळे गेल्यावर सगळ्यांची पानं वाढली. आई माझ्या शेजारी बसली. मी नेहमीसारखा तिला चमचाभरच भात वाढला, तेव्हा तिने पान पुढे सरकवलं आणि म्हणाली, "एवढ्याने काय होतंय? वाढ नीट." मी वाढला. तिने आमटी कालवली, मोठा घास घेतला, चावला, गिळला. आम्ही सगळे आपापलं जेवण विसरून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"बघत काय बसलाय?" आई म्हणाली. "आमटीत मीठ नाहीय जरासुद्धा. त्या दोघांनी खाल्लं चालवून, मी नाही खाणार. जा, मीठ आण."

मी उठले आणि मीठ आणलं.